ॲमहर्स्टचे वकील एडवर्ड डिकिन्सन आणि त्यांचे घर : चरित्रलेखाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट या लहान गावी १८२६ पासून १८७४ पर्यंत वकिली केलेल्या एडवर्ड डिकिन्सन यांच्यावरील दीर्घ चरित्रलेखाला आज हात घातला. मराठी वाचकाला हे आडनाव माहीत असते ते एमिली डिकिन्सन या कवयित्रीमुळे, आणि एमिलीवरच्या लेखनात तिचे वडील बहुधा एखाद्या परिच्छेदापुरते, कडक आणि अबोल गृहस्थ म्हणून डोकावून जातात. या लेखात त्यांना मध्यभागी बसवायचे आहे. त्या घराण्याची कागदपत्रे क्रमाने वाचत गेल्यास घराचा इतिहास आधी जमिनीचा, कर्जाचा आणि दस्तांचा आहे, कवितेचा नंतर, असे दिसते. वडिलांनी गमावलेले घर परत मिळवण्यात एडवर्ड यांच्या उमेदीची वर्षे गेली. आणि जन्मभर दुसऱ्यांचे कागद चोख करून देणाऱ्या या माणसाने स्वतःचे मृत्युपत्र मात्र केले नाही. लेखाची सगळी मांडणी या दोन गोष्टींच्या मध्ये बसवायची आहे.

वडीलधाऱ्यांचा उल्लेख आदरार्थी आणि मुलांचा एकेरी करावा, असे ठरवले आहे.

६ फेब्रुवारी

पहिले प्रकरण आजोबांचे. सॅम्युएल फाउलर डिकिन्सन (१७७५–१८३८) हेही ॲमहर्स्टमधलेच वकील होते. मेन स्ट्रीटवर त्यांनी १८१३ मध्ये विटांचे घर बांधले. गावातले ते पहिले विटांचे घर असे मानले जाते आणि पुढे ते ‘होमस्टेड’ या नावाने ओळखले जाऊ लागले. १८१४ मध्ये सुरू झालेली ॲमहर्स्ट ॲकॅडमी आणि १८२१ मध्ये उघडलेले ॲमहर्स्ट कॉलेज या दोन्हींच्या उभारणीत ते पुढे होते. कॉलेजासाठी त्यांनी वेळ दिला, पैसा दिला, आणि पैसा संपल्यावर स्वतःची पत व मालमत्ता पणाला लावली. परिणामी कॉलेज उभे राहिले आणि ते स्वतः कर्जात बुडाले. १८३३ मध्ये त्यांनी गाव सोडले, ओहायो राज्यात सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत आणि नंतर हडसन येथील वेस्टर्न रिझर्व्ह कॉलेजात नोकरी केली आणि १८३८ मध्ये तिकडेच त्यांचा अंत झाला. शिक्षणसंस्था उभी करताना घरादारावर पाणी सोडणारी माणसे मराठी वाचकाने पाहिलेली आहेत, त्यामुळे सॅम्युएल यांच्या स्वभावाची फोड करण्यात पाने घालवण्याची गरज नाही.

१ जानेवारी १८०३ रोजी जन्मलेले एडवर्ड हे त्यांच्या नऊ अपत्यांतले थोरले. येलमधून १८२३ मध्ये पदवी, मग वडिलांच्याच कचेरीत उमेदवारी, नॉर्थॅम्प्टनच्या कायदाशाळेत काही काळ शिक्षण, आणि १८२६ मध्ये गावात स्वतःची कचेरी, असा त्यांचा आरंभीचा प्रवास आहे. तेव्हा ॲमहर्स्टची वस्ती तीन हजारांच्याही आत होती. अशा गावात वडिलांची नादारी लपून राहणे शक्य नव्हते. ज्या धनकोंचे वडिलांकडून येणे होते, त्यांच्याच शेजारी कचेरी थाटून त्यांचा विश्वास कमवायचा, हे काम तेवीस वर्षांच्या मुलाने पत्करले. माझ्या मते त्यांच्या पुढच्या ताठरपणाचे मूळ घराण्याच्या धर्मनिष्ठेपेक्षाही इथे अधिक आहे.

११ फेब्रुवारी

होमस्टेडच्या मालकीचा क्रम आज लावला. १८३० मध्ये एडवर्ड यांनी घराचा अर्धा भाग विकत घेतला. त्याच वर्षी १० डिसेंबरला एमिली त्या घरात जन्मली. एका भिंतीच्या अलीकडे मुलाचा संसार आणि पलीकडे डबघाईला आलेले आईवडील, असे ते दिवस होते. १८३३ मध्ये संपूर्ण घर डेव्हिड मॅक यांच्याकडे गेले आणि एडवर्ड यांचे कुटुंब आपल्याच वाडवडिलांच्या वास्तूत भाडेकरू होऊन राहिले. १८४० मध्ये त्यांनी नॉर्थ प्लेझंट स्ट्रीटवर लाकडी घर घेतले व तिथे पंधरा वर्षे काढली. १८५५ मध्ये मॅक यांच्या वारसांकडून होमस्टेड पुन्हा खरेदी झाले. म्हणजे भावंडांचे अजाणतेपणापासून तारुण्यापर्यंतचे सगळे वय ज्या घरात गेले, ते घर होमस्टेड नव्हे. ती वास्तू आज उभी नाही, म्हणून चरित्रांतही तिला जागा कमी मिळते. या लेखात तिला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल.

१५ फेब्रुवारी

विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार. वधू एमिली नॉरक्रॉस, मॉन्सन गावच्या जोएल नॉरक्रॉस या सधन गृहस्थांची कन्या. एडवर्ड यांची पत्रे लांबलचक, मुद्देसूद आणि वारंवार. तिची उत्तरे मोजकी, उशिरा येणारी. तो वाट पाहतो, तक्रार नोंदवतो, पुन्हा लिहितो. लग्न ६ मे १८२८ रोजी झाले. त्याच सुमारास लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी वाग्दत्त वधूला विवेकाला धरून असलेल्या सुखाची तयारी करू या, असे सांगितले आहे. चैनीच्या आयुष्याची आपल्याला अपेक्षा नाही, आपल्या कामात जीव ओतण्यातच आपल्याला आनंद मिळेल, हेही स्पष्ट केले आहे. प्रेमपत्रात असा मजकूर वाचून हसू येते, पण ज्याने वडिलांची जप्ती जवळून पाहिली त्याला स्थैर्याइतके रम्य दुसरे काही वाटले नसेल.

याच काळात गावच्या ‘न्यू इंग्लंड इन्क्वायरर’ या वृत्तपत्रात त्यांनी ‘सीलेब्स’ या टोपणनावाने स्त्रीशिक्षणावर लेख लिहिले. स्त्रियांनी शिकावे, पण ते शिक्षण गृहकृत्यांना पूरक असावे, हा त्यांचा सूर. आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांत अशा भूमिकेचे लेख ढिगाने सापडतील. पुढे स्वतःच्या मुलींना मात्र त्यांनी ॲमहर्स्ट ॲकॅडमीत घातले आणि एमिलीला साउथ हॅडली येथील माउंट होलिओक सेमिनरीत पाठवले. लेखातला बाप आणि घरातला बाप यांत अंतर आहे, आणि ते अंतर घरातल्या बापाच्या बाजूचे आहे.

२० फेब्रुवारी

वकिलीचे प्रकरण सर्वांत मोठे होणार, हे आजच्या टिपणांवरून दिसते. लहान गावचा वकील म्हणजे न्यायालयात गर्जना करणारा वक्ता, ही कल्पना बाजूला ठेवावी लागेल. हॅम्पशर परगण्याचे न्यायालय कनेक्टिकट नदीपलीकडे नॉर्थॅम्प्टनला बसे. एडवर्ड यांचा बहुतेक दिवस मात्र ॲमहर्स्टच्या कचेरीत खरेदीखते, गहाणखते, हुंड्यांची वसुली, मयतांच्या मालमत्तेची वाटणी, अज्ञान मुलांचे पालकत्व अशा कामांत जाई. शेतकरी, पामच्या पानांच्या टोप्या बनवणारे कारखानदार, दुकानदार आणि विधवा हे त्यांचे अशील. गावातल्या प्रत्येक घराचे कर्ज, प्रत्येक भावंडांतील बेबनाव आणि प्रत्येक शेताची हद्द त्यांना ठाऊक असणार. असा माणूस चारचौघांत कमी बोलतो, यात नवल नाही. एमिलीने वडिलांच्या अबोलपणाबद्दल जे लिहिले त्याला व्यवसायाची ही बाजूही जोडून पाहिली पाहिजे.

१८३५ मध्ये ते ॲमहर्स्ट कॉलेजाचे खजिनदार झाले आणि १८७३ पर्यंत त्या पदावर राहिले. ज्या संस्थेपायी वडील बुडाले तिचीच तिजोरी मुलाने अडतीस वर्षे सांभाळली. हा योगायोग नसून हिशेब चुकता करण्याचा एक प्रकार होता, असे मला वाटते; वडिलांनी जिथे बेहिशेबी दिले तिथे मुलाने पैन्‌पैची नोंद ठेवली.

एक खटला विस्ताराने घ्यायचा आहे. १८४० मध्ये अँजेलिन पामर ही दहा-अकरा वर्षांची अनाथ कृष्णवर्णीय मुलगी शेजारच्या बेल्चरटाउनमध्ये एका कुटुंबात कामाला ठेवलेली होती. तिला दक्षिणेत नेऊन गुलाम म्हणून विकण्याचा बेत असल्याची कुणकुण लागताच तिचा सावत्र भाऊ लुइस फ्रेझर आणि त्याचे सहकारी हेन्री जॅक्सन व विल्यम जेनिंग्ज यांनी तिला तिथून पळवून सुरक्षित ठिकाणी पोहोचवले. ॲमहर्स्टच्या या तिघा कृष्णवर्णीय तरुणांवर खटला भरला गेला आणि त्यांचे वकीलपत्र एडवर्ड डिकिन्सन यांनी घेतले. मुलगी कुठे आहे हे सांगण्यास तिघांनीही नकार दिला, आणि त्यांना तीन महिन्यांचा कारावास झाला. पण मुलगी विकली गेली नाही. एडवर्ड काही गुलामगिरीविरोधी चळवळीचे कार्यकर्ते नव्हते. त्यांच्या राजकारणाविषयी पुढे लिहायचेच आहे. म्हणूनच हा खटला लेखाच्या मधोमध, वकिलीच्या प्रकरणात ठेवत आहे, समाजसुधारणेच्या मथळ्याखाली नाही.

२८ फेब्रुवारी

मुले तीन : ऑस्टिन (१८२९), एमिली (१८३०) आणि लॅव्हिनिया, म्हणजे घरची व्हिनी (१८३३). या घरातल्या पत्रांचा साठा मुख्यतः ऑस्टिन शिकण्यासाठी व शिकवण्यासाठी बाहेरगावी असताना त्याला एमिलीने लिहिलेल्या पत्रांमुळे आपल्याला मिळतो, आणि त्यांत वडील जितके जिवंत दिसतात तितके त्यांच्या स्वतःच्या पत्रांत दिसत नाहीत.

१८५१ च्या सप्टेंबरअखेरीस एका संध्याकाळी चर्चची घंटा जोरजोराने वाजू लागली. आग लागली असे समजून सगळे गाव रस्त्यावर धावले. आकाश लाल झाले होते, पण ती आग नव्हती. उत्तरेकडचा ध्रुवीय प्रकाश होता. तो पहिल्यांदा ज्यांच्या नजरेस पडला त्यांत एडवर्ड होते आणि लोकांनी तो पाहावा म्हणून घंटा त्यांनीच वाजवली होती. कडक बापाच्या ठरीव चित्रात ही हकिकत बसत नाही, आणि तिला ‘अपवाद’ म्हणून तळटीपेत ढकलणे मला मान्य नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. १८६२ मध्ये साहित्यिक थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांना लिहिताना एमिलीने सांगितले की वडील आपल्या खटल्यांच्या कागदांत इतके गढलेले असतात की आम्ही काय करतो याकडे त्यांचे लक्ष नसते. ते मला पुष्कळ पुस्तके आणून देतात आणि ती वाचू नकोस अशी विनवणीही करतात, कारण पुस्तकांनी डोके हलते अशी त्यांना धास्ती आहे. या वाक्यांतला खट्याळपणा ओळखला पाहिजे. ते तक्रारीचे निवेदन नव्हे. याच घरात एमिली रोजचा पाव भाजत असे, कारण वडिलांना तिच्याच हातचा आवडे, हेही हिगिन्सन यांनी १८७० च्या भेटीनंतर टिपून ठेवले आहे.

७ मार्च

राजकारण आणि रेल्वे. राज्याच्या प्रतिनिधिगृहात १८३८–३९, सेनेटमध्ये १८४२–४३, पुढे गव्हर्नरच्या सल्लागार मंडळात, आणि मार्च १८५३ ते मार्च १८५५ या काळात वॉशिंग्टनला अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य, हा त्यांचा आलेख एका परिच्छेदात संपवता येईल. पक्ष व्हिग. कॅन्सस-नेब्रास्का विधेयकाने गुलामगिरीला नव्या प्रदेशांत वाट मोकळी करून दिल्यावर मे १८५४ मध्ये विरोधी सदस्यांची जी बैठक झाली, ती टॉमस एलियट आणि एडवर्ड डिकिन्सन यांच्या वॉशिंग्टनमधील बिऱ्हाडी. नवा पक्ष काढावा आणि त्याला ‘रिपब्लिकन’ म्हणावे, अशी चर्चा तिथे झाली. एडवर्ड स्वतः मात्र मावळत्या व्हिग पक्षालाच धरून राहिले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत पडले. १८६१ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नरपदाची उमेदवारी चालून आली, तीही त्यांनी नाकारली. पक्ष बदलणे त्यांना दिलेला शब्द फिरवण्यासारखे वाटत असावे.

रेल्वेचा भाग अधिक रंगतदार आहे. पामरपासून ॲमहर्स्टपर्यंतचा ॲमहर्स्ट आणि बेल्चरटाउन लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला, तो बऱ्याच अंशी एडवर्ड यांच्या खटपटीने. एका इंजिनाला त्यांचे नावही दिले गेले. जूनमध्ये न्यू लंडनहून पाहुण्यांनी भरलेली गाडी आली तेव्हा वडील विजयोत्सवातल्या रोमन सेनापतीसारखे गावभर मिरवत होते, असे एमिलीने भावाला कळवले आहे. ती स्वतः गर्दी टाळून जवळच्या झाडीत बसली, गाडी सुटताना पाहिली आणि कोणी पाहील म्हणून घरी परतली. लोहमार्गाची कंपनी काही वर्षांतच तोट्यात गेली, पण गावाला गाडी मिळाली ती मिळालीच.

१३ मार्च

१८५५ चे होमस्टेड. एप्रिलमध्ये खरेदी, मग वर्षभर डागडुजी : छतावर घुमटीसारखी खोली, बाजूला काचेचे झाडघर, मागे वाढवलेले स्वयंपाकघर. नोव्हेंबरात कुटुंब राहायला गेले. त्यानंतर आईने दीर्घ काळ अंथरूण धरले. बावीस वर्षांपूर्वी हातचे गेलेले घर परत आल्याचा आनंद कोणाला झाला असेल तर तो एडवर्ड यांनाच. त्यांच्या पत्नीला आणि मुलींना हे स्थलांतर जड गेले.

ऑस्टिनने हार्वर्डमधून कायद्याचे शिक्षण पुरे केले होते आणि सुझन गिल्बर्टशी लग्न ठरल्यावर पश्चिमेकडे, शिकागोच्या बाजूला, जाण्याचे त्याच्या मनात होते. वडिलांनी त्याला कचेरीत भागीदारी दिली आणि होमस्टेडशेजारी नवे घर बांधून दिले. १८५६ मधले हे घर म्हणजे ‘एव्हरग्रीन्स’. एका अर्थी ऑस्टिनला त्याच्या बापाने विकत घेतले, असे कोणी म्हणेल. पण सॅम्युएल ओहायोला गेले आणि परतले नाहीत, हे ज्याने सोसले तो स्वतःच्या मुलाला पश्चिमेकडे जाऊ देणारा नव्हता. यादवी युद्धात सैन्यभरतीसाठी नाव निघाल्यावर १८६४ मध्ये ऑस्टिनने ५०० डॉलर देऊन बदली माणूस पाठवला. कायद्याने तशी मुभा होती आणि ऐपतीच्या घरांनी तिचा सर्रास उपयोग केला, एवढेच लिहून पुढे जायचे आहे.

२१ मार्च

मृत्यूचे प्रकरण. १८७४ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते पुन्हा राज्य विधिमंडळात निवडून गेलेले होते. त्या वसंतात अवेळी बर्फ पडले, तेव्हा गारठलेले पक्षी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसले. एडवर्ड सपाता घालूनच गोठ्याकडे गेले, धान्य आणून त्यांनी टाकले आणि पक्षी संकोचतील म्हणून स्वतः आडोशाला उभे राहिले. एमिलीने हे पुढे लिहून ठेवले.

बॉस्टनला जाण्यापूर्वीची शेवटची दुपार तिने मुद्दाम त्यांच्याबरोबर काढली. आईला काही निमित्ताने दूर पाठवले, व्हिनी झोपली होती. ही दुपार संपू नये असे वाटते, असे ते म्हणाले. १६ जूनला सभागृहात हूसॅक बोगद्याच्या रेल्वेविषयी भाषण केल्यावर त्यांना घेरी आली. ट्रेमाँट हाउस या हॉटेलात डॉक्टरांनी अफूयुक्त औषध दिले, जे त्यांना सोसत नसे असे कुटुंबाचे म्हणणे होते, आणि संध्याकाळी त्यांचा मृत्यू झाला. एमिलीच्या पत्रात तारीख पंधरा पडली आहे. लेखात नोंदींतली सोळाच ठेवत आहे. संध्याकाळी जेवताना ऑस्टिन हातात तार घेऊन आला. बॉस्टनची गाडी आधीच निघून गेली होती, आणि घोडे जुंपेपर्यंत दुसरी तार आली. अंत्यविधी घरीच झाला, गावातली दुकाने बंद राहिली, एमिली वर आपल्या खोलीत दार किलकिले ठेवून बसली. महिनाभराने तिने हिगिन्सन यांना लिहिले की वडिलांचे हृदय निर्मळ आणि भयंकर होते, तसे दुसरे असेल असे तिला वाटत नाही. अर्धशतकभर ज्याला गावाने फक्त सचोटीचा गृहस्थ म्हणून ओळखले, त्याच्याबद्दल ‘भयंकर’ हे विशेषण लावण्याचा अधिकार त्याच्या मुलीलाच होता.

२४ मार्च

मृत्युपत्र नव्हते. असंख्य मृत्युपत्रे लिहून दिलेल्या वकिलाने आपले का केले नाही, याची कारणे रचण्याचा मोह टाळत आहे; परिणाम मात्र लिहायचे आहेत. कायद्याने विधवेचा वाटा आणि तिन्ही मुलांचा समान हक्क होता. व्यवहारात मालमत्तेचा कारभार ऑस्टिनने हाती घेतला, आणि बहिणी वडिलांच्या घरात भावाच्या भरवशावर राहिल्या. कॉलेजाचे खजिनदारपदही वडिलांमागून ऑस्टिनकडेच आले होते. बरोबर एका वर्षाने, जून १८७५ मध्ये आईला पक्षाघात झाला आणि नोव्हेंबर १८८२ पर्यंत दोघी मुलींनी तिची शुश्रूषा केली. आपल्याला आई अशी कधी नव्हतीच, असे पूर्वी बोलून गेलेल्या एमिलीने या वर्षांनंतर वेगळे लिहिले : आई आमचे मूल झाली तेव्हा माया आली, जशा एकाच जमिनीतल्या खाणी भुयारे खणता खणता एकमेकींना मिळतात. पहिले वाक्य सगळीकडे उद्‌धृत होते, दुसरे क्वचित. लेखात दोन्ही शेजारी शेजारी येतील.

२ एप्रिल

शेवटचे प्रकरण एडवर्ड यांच्या पश्चातले, आणि ते पुन्हा एका दस्ताचेच आहे. एमिली १८८६ मध्ये गेली. व्हिनीला तिच्या कवितांचा साठा सापडला. प्राध्यापकपत्नी मेबल लूमिस टॉड यांनी हिगिन्सन यांच्यासह पहिला संग्रह १८९० मध्ये काढला. टॉड आणि ऑस्टिन यांचे विवाहबाह्य संबंध १८८२ पासूनचे होते. ऑस्टिन १८९५ मध्ये वारला. वडिलांच्या मालमत्तेतला आपला वाटा त्याने मृत्युपत्राने व्हिनीच्या नावे केला होता आणि तो पुढे मेबलला द्यावा, अशी खासगी इच्छा लिहून ठेवली होती.

फेब्रुवारी १८९६ मध्ये व्हिनीने डिकिन्सन कुरणातल्या जमिनीच्या एका पट्ट्याच्या खरेदीखतावर मेबलच्या नावे सही केली आणि मग आपल्याला कागदाचा खरा मजकूर सांगितला नव्हता, असा दावा केला. कवितांवर केलेल्या कित्येक वर्षांच्या कामाचा हा मोबदला, अशी मेबलची बाजू. नॉर्थॅम्प्टनच्या न्यायालयात, जिथे एडवर्ड डिकिन्सन यांनीही वकिली केली होती, मार्च १८९८ मध्ये सुनावणी झाली. निकाल व्हिनीच्या बाजूने लागला आणि नोव्हेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. संतापलेल्या मेबलने आपल्याजवळच्या कविता कापराच्या लाकडाच्या पेटीत घालून कुलूप लावले आणि ते सुमारे तीस वर्षे उघडले नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी वाटणीचा एक स्वच्छ कागद झाला असता तर या पट्ट्याची मालकी कोणाकडे, कोणत्या हक्काने आली, हा प्रश्न इतका गुंतला नसता. त्यामुळे कवितांच्या प्रकाशनाचा इतिहासही एडवर्ड यांच्या चरित्रातच संपवणे मला योग्य वाटते. या प्रकरणासाठी साक्षींचा क्रम लावून झाला आहे. घरची आयरिश मोलकरीण मार्गारेट माहर हिची जबानी त्यात पहिली घेणार आहे, कारण दोन्ही घरांच्या आत-बाहेर वावरणारी आणि जमिनीत कवडीचाही वाटा नसलेली साक्षीदार तीच.